आडवं पागोटं

रमजान लागला की हिल्लत जादल्ला गावाच्या हमरस्त्यावर सूर्य मावळायच्या बेताला हाज तैराब डोक्यावरचं पागोटं सोडायचे. एक टोक स्वतःच्या हातात, दुसरं शेजाऱ्याच्या, आणि ते लांबलचक पांढरं कापड रस्त्यावर आडवं. बस असो, ट्रक असो, सरकारी गाडी असो, थांबायचं, उतरायचं, चटईवर बसायचं, खजूर तोंडात टाकून रोजा सोडायचा, ज्वारीची असीदा, म्हणजे घट्ट उकड, भेंडीच्या कालवणात बुडवून खायची आणि मग खुशाल जायचं. घाई आहे म्हणणाऱ्याला ते विचारायचे, "घरी बायको वाट बघतेय का? मग तर पोटभर खाऊनच जा. उपाशी नवरा भांडखोर होतो." एकदा त्यांनी मंत्र्याची गाडी अशीच अडवली. मंत्री बोटं चाटून उठले आणि गावाला वीज देतो म्हणाले. खांब आले, तारा काही आल्या नाहीत.

ही रीत आमच्या मुलखात गावोगाव आहे, पण हाज तैराबांचा हट्ट काही औरच. ट्रकवाले थट्टेनं म्हणायचे, "हिल्लत जादल्लाला पागोटं आडवं दिसलं नाही तर गाडी बाजूला घ्या आणि फातिहा म्हणा. म्हातारा गेला समजा."

मग लढाई आली आणि रस्त्यावरची रहदारी संपली. उरल्या त्या पाठीवर बंदुका बसवलेल्या उघड्या गाड्या. गाव त्यांचं नाव घ्यायलाही भितं, नुसतं 'गाडीवाले' म्हणतं. गेल्या रमजानात हाज तैराबांनी त्यांच्यापुढंही पागोटं धरलं. गाडीवाले बसले, जेवले, दुवा देऊन गेले, आणि दुसऱ्या दिवशी येऊन शेळ्या हाकून घेऊन गेले.

"अबूय, ज्यांना वाढलं त्यांनीच लुटलं," त्यांची सून इख्लास म्हणाली. सासऱ्याला ती नवऱ्यासारखंच अबूय, म्हणजे बाबा, म्हणायची.

"शेळ्या नेल्या ना? उपाशी तर नाही ना गेले!"

अशा माणसाशी काय बोलणार! इख्लासनं कपाळावर हात मारून घेतला.

तिला शेळ्यांचं दुःख नव्हतं. तिचा जीव अडकला होता तिजानीत. तिजानी तिचा नवरा, हाज तैराबांचा एकुलता एक मुलगा, ट्रक चालवायचा. लढाई पेटली तेव्हा तो पूर्वेला बंदराकडे होता, आणि मधला रस्ता तुटला तो तुटलाच. ज्वारीची दोन पिकं येऊन गेली, तरी त्याचं तोंड दिसलं नव्हतं. गावातल्या उस्मानच्या दुकानात ताटलीवालं इंटरनेट होतं, त्यावर कधीमधी त्याचा आवाज यायचा. या रमजानात शेवटचा आला तो असा:

"इख्लास, मदतीच्या गाड्यांत मला घेतलंय. निळ्या तोंडाचा ट्रक आहे माझा. शहरात धान्य टाकून परत यायचं. गावावरूनच जाणार, पण थांबता यायचं नाही. थांबलो तर मेलोच समज. वाटेवरची गावंच्या गावं जळालीत म्हणे. तुम्ही आहात ना गं? अबूय आहे ना? काहीतरी बोल."

ती फोनवर ओरडलीच, "आहोत! आम्ही सगळे आहोत!" पण निरोपापुढं एकच खूण उमटली, दुसरी उमटेना. दुसऱ्या दिवशी गाडीवाल्यांनी उस्मानची ताटलीच उचलून नेली. आपलं बोलणं तिजानीपर्यंत पोचलं की वाटेतच विरलं, हे तिला कळायला मार्ग नव्हता.

शहर म्हणजे गावाच्या पश्चिमेचं शहर. तिथं सैन्य आत आणि गाडीवाले बाहेर, असा वेढा. आतली माणसं शेंगदाण्याची पेंड खाऊन दिवस काढत होती. इकडे समुद्रापलीकडं कुठंतरी दोन्हीकडचे लोक बोलणीला बसले होते. आधी ते कोण कुठल्या दारानं आत येणार यावर भांडले, मग एका खोलीत बसायचं नाही यावर. मोठ्या देशांचे दूत या खोलीतून त्या खोलीत खेपा घालून थकले.

"त्या हॉटेलात त्यांना जेवायला घालतात का रे?" हाज तैराबांनी रेडिओपाशी बसलेल्या उस्मानला विचारलं.

"घालत असतील की, हाज."

"मग कशाला उठतायत ते! उपाशी बसवा. दुपारच्या आत सह्या करतील."

कुणी पैसा अडवण्याची धमकी दिली, कुणी दारूगोळा. असे हात पिरगळल्यावर दोन्ही बाजू एकदाच्या हो म्हणाल्या. थोडे दिवस बंदुका गप्प, आणि धान्याच्या गाड्यांना शहरापर्यंत वाट. पण अट अशी की गाड्यांनी वाटेत कुठंही थांबायचं नाही. गाडी थांबली की सैन्य म्हणणार यांनी धान्य लुटलं, आणि गाडीवाले म्हणणार यांनी शस्त्रं उतरवली. दोघंही निमित्ताला टपलेलेच होते. पुढंमागं गाडीवाल्यांचा पहारा आणि डोक्यावर सैन्याचं ड्रोन, अशा थाटात ही मदत निघणार होती.

आदल्या दिवशी गाडीवाल्यांची एक गाडी गावात आली. तोंडाला फडकं गुंडाळलेला एक तरुण खाली उतरला आणि कडुनिंबाखाली जमलेल्या माणसांना म्हणाला, "उद्या दुपारी गाड्या जातील. दारं बंद ठेवायची. चुलीचा धूर दिसायला नको. रस्त्यावर माणूस दिसला की गोळी." मग त्यानं हाज तैराबांकडे बोट केलं. "आणि हाज, तुमचं ते फडकं घरात ठेवा."

"फडकं?" म्हातारा उठला. "गेल्या वर्षी याच फडक्यापाशी बसून दोनदा मागून खाल्लंस तू. तोंड झाकलंस म्हणून काय झालं? तुझा हात ओळखतो मी."

सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. त्या तरुणानं उजवा हात हळूच मागं घेतला आणि गाडीत जाऊन बसला.

घरी आल्यावर इख्लास सासऱ्यांच्या पायाशी बसली. "अबूय, उद्या तुम्ही बाहेर नाही जायचं. गाड्यांत तिजानी आहे. तुम्ही पागोटं धरलंत तर तो थांबेल, आणि थांबला तर वरून तरी मारतील नाहीतर खालून तरी."

"गाड्या दुपारी जायच्यात. दुपारी कोण रोजा सोडतं?"

"आणि उशीर झाला तर?"

"सूर्य माझ्या दारात मावळला, बित्ती, तर अट माझी."

बित्ती म्हणजे पोरी. एरवी त्या शब्दानं ती विरघळायची. त्या दिवशी मात्र ती उठून उभी राहिली. म्हातारा ऐकणार नाही, हे तिला स्वच्छ दिसलं.

सकाळी हाज तैराब नमाजाला उभे राहिले, तेव्हा पागोटं खुंटीवर होतं. घरात तेवढं एकच उरलं होतं, बाकीची शेळ्यांबरोबर गेली. इख्लासनं ते खाली ओढलं, घडी घातली आणि कोपऱ्यातल्या मातीच्या कणगीत टाकलं. कणगी रिकामी होती. रिकाम्या कणगीत कोण कशाला डोकावेल? पागोट्याशिवाय तर तिचा सासरा पाहुण्यापुढं जन्मात उभा राहिला नव्हता. पागोटं नाही तर म्हातारा बाहेर नाही, आणि म्हातारा बाहेर नाही तर तिजानी सुखरूप. हिशोब तिनं असा जुळवला आणि मनातल्या मनात अल्लाची क्षमा मागितली.

दुपार झाली, गाड्या आल्या नाहीत. गावात पाखरू हलत नव्हतं. चुली थंड, दारं बंद, कुत्रीसुद्धा कुडाच्या सावलीला दबून पडलेली. वर ड्रोनची घरघर तेवढी चालू होती, कधी लांब, कधी अगदी माथ्यावर. ती जवळ आली की इख्लास भिंतीला चिकटायची आणि लांब गेली की कुडाच्या फटीकडे धावायची, कारण लांब म्हणजे गाड्यांच्या दिशेला.

उन्हं कलली. उशीर झालाच होता.

हाज तैराब बाजेवरून उठले, खुंटीपाशी गेले आणि थांबले. बाजेखाली पाहिलं, रांजणामागं पाहिलं.

"इख्लास, घरात चोर शिरला की सून?"

इख्लास दाराशी जाऊन उभी राहिली.

"दे ते इकडं."

"नाही देणार."

"माझ्या घरात मला उघडं केलंस तू."

"मारा मला. पण नाही देणार. मला नवरा पाहिजे, अबूय! मला तो जिवंत पाहिजे!"

म्हाताऱ्यानं मारलं नाही. तो बाजेवर जाऊन भिंतीकडे तोंड करून बसला. उघडं पांढरं डोकं किती लहान दिसतं, हे तिला त्या दिवशी पहिल्यांदा जाणवलं, आणि तिला रडू फुटलं. तरी ती कणगीकडे गेली नाही.

सूर्य टेकला आणि पूर्वेकडून इंजिनांचा आवाज आला. इख्लास कुडाच्या फटीला डोळा लावून उभी राहिली. पुढं गाडीवाल्यांची उघडी गाडी होती, तिच्यावर तोच तोंड झाकलेला तरुण. मागून एकामागून एक धुळीनं माखलेले ट्रक. आणि मग निळं तोंड. काचेमागं तिजानी होता, वाळलेला, दाढी वाढलेला. जा, तिनं मनात म्हटलं, जा, बघू नकोस, सरळ जा.

निळा ट्रक हळू झाला.

त्यानं काय पाहिलं असेल ते तिला त्या क्षणी कळलं. ऐन रोजा सोडायच्या वेळेला हिल्लत जादल्लाचा रस्ता मोकळा होता. चटई नाही, धूर नाही, माणूस नाही, पागोटं नाही. वाटेवर अशी गावं तो सकाळपासून बघत आला होता. त्याच्या लेखी इथं कुणी उरलंच नव्हतं. तिचा निरोप पोचला नव्हता.

ट्रक थांबला. मागचे ट्रक करकचून थांबले. पुढची गाडी गर्रकन वळली, बंदूक फिरली आणि कुणीतरी ओरडलं, "चल! चालव! कुणी सांगितलं थांबायला?" वरची घरघर एकाएकी खाली आली.

तिजानी उतरला. त्यानं बंदुकीकडे पाहिलंसुद्धा नाही. घराकडे तोंड करून तो रस्त्याच्या मधोमध उभा राहिला, दोन्ही तळवे छातीपुढं उघडे धरले आणि फाटक्या आवाजात म्हणाला, "अल-फातिहा!"

मयताच्या घरी आमच्याकडं असंच येतात. येणारा तळवे उघडून फातिहा म्हणतो, आणि ज्याच्या कानावर ते पडतं तो हातातलं काम टाकून तळवे उघडतो. हे कुणी शिकवत नाही, आईच्या कडेवर असल्यापासून अंगवळणी पडतं. बंदुकीमागच्या त्या तरुणाचं बोट चापावर होतं. तो शब्द कानी पडला आणि त्याचे दोन्ही हात आपोआप सुटून वर आले, तळवे उघडे, फडक्याआड ओठ हलत होते. बंदूक आपल्या वजनानं खाली झुकली.

इख्लास जागेवरून हलू शकली नाही. बाहेर पाऊल टाकलं तर रस्त्यावर माणूस, आणि माणूस दिसला की गोळी. हाक मारली तर तोच घराकडे धावेल आणि पाठीत गोळी घेईल. तेवढ्यात मागं बाज करकरली.

हाज तैराबांनी फातिहा ऐकली होती, पण आवाज ओळखला नव्हता. दारात फातिहा आली म्हणजे कुणीतरी पोराची खबर आणली, एवढंच त्यांच्या डोक्यात आलं. ते उघड्या डोक्यानं, अनवाणी, तळवे पुढं धरून दार ढकलून बाहेर गेले आणि रडत म्हणाले, "कुठं? माझा तिजानी कुठं गेला? कुणी पुरला त्याला?"

बाप आणि लेक एकमेकांसमोर तळवे उघडे धरून उभे होते. दोघंही एकमेकांचीच फातिहा म्हणत होते.

"अबूय!" तिजानीच्या तोंडून कसाबसा शब्द फुटला. "पागोटं कुठंय तुझं?"

ड्रोन इतकं खाली आलं होतं की कुडाची पाती हलायला लागली. तो तरुण भानावर आला आणि गाडीवरून उडी मारून तिजानीच्या पाठीत खांद्यावरच्या बंदुकीचा दस्ता घालत ओरडला, "बस गाडीत! बस म्हणतो ना! सगळ्यांना मारशील!" त्याच्या आवाजात राग कमी होता आणि भीती जास्त. तिजानी चढला. चढताना त्याला कुडाच्या फटीत इख्लासचा डोळा दिसला असेल, नसेल. गाड्या हलल्या आणि घरघर त्यांच्यामागं गेली. इख्लास जमिनीवर बसली ती तशीच, रोजा सोडायचंही तिला सुचलं नाही.

सकाळी उस्मानचा रेडिओ सांगत होता, गाड्या शहरात पोचल्या. पण एका गावात ताफा थांबला म्हणून सैन्य म्हणत होतं धान्य लुटलं, आणि गाडीवाले म्हणत होते ठरवून सैन्याला इशारा केला. दूतांना तीव्र चिंता वाटत होती. ती त्यांना रोजच वाटायची. आज परतीच्या वाटेवर पुन्हा कुठं थांबले तर समझोता संपला, असं दोन्ही बाजूंनी जाहीर केलं होतं. कडुनिंबाखाली गाडीवाल्यांचा माणूस येऊन त्याचा सरळ अर्थ सांगून गेला, "थांबेल तो ट्रक ड्रायव्हरसकट जाळू."

इख्लासनं कणगीत हात घातला, पागोटं काढलं आणि सासऱ्यांसमोर धरलं.

"कालचं पाप माझं, अबूय. मी हे लपवलं नसतं तर..."

"तर मी धरलं असतं आणि तो थांबलाच असता," म्हातारा म्हणाला. "तुझं सोड. आज काय ते बोल."

"आज हे त्याला लांबून दिसलं पाहिजे. रस्त्यावर नाही, वर. त्या विजेच्या खांबाला बांधते. काल थांबल्यावरून मागं गाव जाळलं की काय, ही भीती त्याला असणार. हे दिसलं की कळेल, आपण आहोत. मग तो थांबणार नाही."

"पागोटं थांबवायला असतं, बित्ती. 'जा पुढं' म्हणायला नसतं."

"आज तेवढं म्हणू द्या."

हाज तैराबांनी ते कापड मांडीवर घेऊन हातानं सारखं केलं. मग एक टोक तिच्या हातात दिलं. "गाठ मी मारून देतो. तुझ्या गाठी सुटतात."

भर दुपारी, रस्ता ओस असताना, तिनं मंत्र्याच्या त्या बिनतारेच्या खांबाला बाज उभी टेकवली आणि चढली. वर घरघर चालू होती. अंगाभोवती गुंडाळलेला तोब वाऱ्यानं फडफडत होता, बोटं घामानं निसटत होती, आणि वरून कुणीतरी आपल्याकडे बघतंय हे तिच्या मानेला कळत होतं. बाई खांबावर काय बांधतेय, हे त्या बघणाऱ्याला कोण सांगणार? सासऱ्यांनी मारून दिलेला फास तिनं घाईनं आवळला. मग ती उतरली. पागोटं वाऱ्यावर लांब पसरलं.

संध्याकाळी पश्चिमेकडून एक धमाका ऐकू आला, मग आणखी एक. लांब होते. गाड्या येत नव्हत्या. सूर्य टेकला तेव्हा इंजिनं वाजली. आज दाराला कडी नव्हती. हाज तैराब उंबऱ्याच्या आत उघड्या डोक्यानं उभे होते, तळहातावर खजूर, पायाशी असीदेचं भांडं. पुढची गाडी आली. त्या तरुणानं मान वर करून पागोट्याकडे पाहिलं, मग दाराकडे, आणि नजर वळवली. रिकामे ट्रक खडखडत येऊ लागले. एक गेला, मागून दुसरा, पांढरा, हिरवा, पुन्हा पांढरा. निळा दिसेना. इख्लासनं सासऱ्यांची बाही घट्ट धरली. शेवटची वाटलेल्या गाडीची धूळ खाली बसायला लागली आणि त्या धुळीतून निळं तोंड बाहेर आलं, सगळ्यांत मागं, एक काच फुटलेली.

ते पागोट्याखालून गेलं. हळू झालं नाही. फक्त हॉर्न वाजला, दोनदा, आखूड, घर जवळ आलं की तिजानी वाजवायचा तसा. मग पूर्वेकडचं वळण आलं आणि आवाज बारीक होत संपला.

"वाचला, अबूय," ती हुंदके देत म्हणाली. "वाचला तो!"

"हो," हाज तैराब म्हणाले. तळहातावरचा खजूर त्यांनी अजून तसाच पुढं धरला होता. "सूर्य मावळताना माझ्या दारावरून माणसं उपाशी गेली, बित्ती. आणि त्यांत माझा पोरगा होता."

त्यांनी तो खजूर तिच्या हातात ठेवला आणि भांडं उचलून आत नेलं.